साडेबारा सेंटिमीटर

घरात नेट हळू चाललंय असं वाटलं की आपण पहिला फोन नेटवाल्याला करतो. तो म्हणतो, "मॅडम, आमच्याकडून पूर्ण स्पीड येतोय." आणि बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. कारण रस्ते दोन आहेत. एक बाहेरून काचेच्या तंतूतून राउटरपर्यंत येणारा. त्याचे आपण पैसे भरतो, त्याचा प्लॅन वाढवतो, त्याच्यावरून भांडतो. दुसरा राउटरपासून आपल्या यंत्रापर्यंतचा, घरातल्या हवेतला, जेमतेम दहा-बारा मीटरचा. हा रस्ता कुणी विकत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मला तो दिसायला लागला एटीएम कार्डाएवढ्या एका बोर्डामुळे.

रास्पबेरी पाय हे नाव आता पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. विज्ञान प्रदर्शनात दर दुसऱ्या टेबलावर तो असतो. ब्रिटनमधल्या केंब्रिजमध्ये तयार झालेला हा एकाच पट्टीवरचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, तेव्हा त्यावर वायफाय नव्हतं. ते यायला २०१६ साल उजाडलं. माझ्याकडे दोन बोर्ड आहेत. कामाच्या खोलीत कपाटावर एक पाय ४, त्याला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली. आणि गॅलरीत स्पीकरला लावलेला एक झीरो २ डब्ल्यू, च्युइंगगमच्या पाकिटापेक्षा थोडासा मोठा.

हे सगळं उभं केलं ते आण्णांच्या कॅसेटींसाठी. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही राहत होतो तेव्हा आण्णांनी जे कानावर पडेल ते टेप करून ठेवलं. वाड्याच्या गणपतीतली कीर्तनं, माडीवरच्या घरगुती बैठका, आत्याच्या ओव्या, आजीने सांगितलेली कहाणी. मागे कुठे प्रायमसचा आवाज, कुठे कुणीतरी "दार लावा" म्हणतंय. वाडा पाडून तिथे इमारत झाली, आम्ही कोथरूडला आलो, आण्णा गेले. त्या कॅसेटी मी एकेक करून संगणकात उतरवल्या आणि त्या डिस्कवर ठेवल्या. दुपारी आई गॅलरीत बसून ऐकते. फोन हाताळणं तिला नको असतं. स्पीकरचं बटण दाबलं की झीरो डिस्कवरून फाइल मागवतो आणि वाजवतो.

आणि मध्येच अडखळतो. ओवीचा एक चरण होतो, दुसरा अर्ध्यावर तुटतो, मग क्षणभराने पुढचा. आई म्हणायची, "अगं, कॅसेट अडकली बघ." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण आत्याचा आवाज असा तुटलेला ऐकणं मला सहन होत नव्हतं.

अशा वेळी माणूस "वायफायचा स्पीड कसा वाढवायचा" हे शोधायला लागतो. त्याआधी एक साधा हिशोब करून बघावा. सीडीच्या दर्जाचा, कुठलीही काटछाट न केलेला आवाज सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट मागतो. झीरोवरच्या वायफायची राउटरशी ठरलेली कमाल गती ७२ मेगाबिटच्या आसपास. प्रत्यक्षात त्यातला निम्मा हाती लागला तरी गरजेच्या पंचवीस पट. म्हणजे वेग कमी पडत नव्हता, सलगपणा कमी पडत होता. तासाची फाइल लॅपटॉपवरून डिस्कवर टाकायची असेल तर वेग हवा, कारण ती सव्वासहाशे मेगाबाइटच्या वर भरते (आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट). ती वाजवायची असेल तर पाणी बारीक धारेने का होईना, न थांबता यायला हवं. या दोन दुखण्यांना औषधंही वेगळी लागतात.

पहिलं औषध सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. या बोर्डांवर वायफायची वीजबचत मुळातच चालू असते. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" अशी हाक हवेत सोडतो, तिला बीकन म्हणतात. बचत चालू असली की वायफायची चिप दोन हाकांच्या मध्ये झोप काढते. तिच्यासाठी आलेलं सामान राउटर धरून ठेवतो आणि ती जागी झाली की देतो. बॅटरीवरच्या फोनला हे योग्य आहे. भिंतीतल्या प्लगवर चोवीस तास चालणाऱ्या बोर्डाला याचा काहीच उपयोग नाही. लॅपटॉपवरून झीरोला पिंग केलं, म्हणजे नुसतं "आहेस का?" असं विचारलं, तर उत्तर कधी चार मिलिसेकंदांत यायचं, कधी ऐंशी, कधी दीडशे. बचत बंद करणारी एक ओळीची आज्ञा दिली आणि आकडे चार-पाचवर येऊन स्थिर बसले. ती आज्ञा बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते, म्हणून बोर्डावरच्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्राममध्ये त्या जोडणीच्या नावावर कायमची लिहून ठेवावी. ज्याच्या घरी असा बोर्ड आहे त्याने बाकी काही करण्याआधी हे करावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

अडखळणं कमी झालं, थांबलं नाही.

पुढचं काम मोजण्याचं. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे निरुपयोगी, कारण ती दोन्ही रस्ते एकत्र मोजते. आयपर्फ नावाचा छोटा प्रोग्राम घरातल्याच दोन यंत्रांमध्ये नुसता डेटा ढकलून बघतो. बाहेरच्या जगाचा त्यात संबंध नाही. दुसरा आकडा सिग्नलचा. तो डीबीएममध्ये आणि उणे येतो, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. उणे ६० म्हणजे एका मिलिवॅटचा दहा लाखावा भाग. उणे ७० म्हणजे त्याचाही दहावा हिस्सा. राउटर शंभरेक मिलिवॅट हवेत सोडतो आणि गॅलरीतल्या बोर्डाच्या वाट्याला त्यातलं एवढं येतं. एवढ्यावर आत्याची ओवी अक्षरन् अक्षर उतरते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गॅलरीत झीरो होता तिथे उणे ७४ दाखवत होता. मी लॅपटॉपवर तो आकडा दर सेकंदाला बदलताना दिसेल असा लावला आणि बोर्ड हातात धरून हळूहळू सरकवायला लागले. तीन बोटं डावीकडे, उणे ६८. आणखी तीन बोटं, परत ७३. थोडा वर, ६३. कपड्यांच्या दांडीच्या खाली एक जागा अशी सापडली जिथे तो उणे ६१ वर थांबला, आणि तिथून तळहाताएवढं सरकलं की पुन्हा पडायचा. टेबलाच्या एकाच कडेवर वीस पटींचा फरक!

हे असं का होतं ते समजायला लाटेची लांबी पुरते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली लाट साडेबारा सेंटिमीटरची. राउटरकडून ती सरळही येते, भिंतीवरून आपटूनही येते, कपाटावरून परतूनही येते. या सगळ्या लाटा जिथे एका तालात भेटतात तिथे सिग्नल भरतो, जिथे उलट्या तालात भेटतात तिथे एकमेकींना पुसून टाकतात. भरती आणि ओहोटीतलं अंतर लाटेच्या चतुर्थांशाएवढं, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास असू शकतं. माझी तीन बोटं म्हणजे साधारण तेवढंच अंतर.

आण्णा ट्रान्झिस्टर फिरवायचे ते मला तेव्हा आठवलं. पुणे केंद्र खरखरायला लागलं की ते रेडिओ उचलायचे नाहीत, जागच्या जागी गोल फिरवायचे आणि आवाज स्वच्छ झाला की सोडून द्यायचे. पुणे आकाशवाणीची मध्यमलहर ७९२ किलोहर्ट्झची, तिची लांबी जवळपास ३७९ मीटर. वाडा, त्याच्या दोन-दोन फुटी भिंती, आजूबाजूची अर्धी आळी त्या एका लाटेत मावायची. रेडिओ टेबलाच्या या टोकाला ठेवला काय नि त्या टोकाला काय, तिला फरक पडायचा नाही. पण रेडिओच्या आत फेराइटची आडवी कांडी असते. तिचं टोक केंद्राच्या दिशेला आलं की आवाज मरतो, कांडी आडवी आली की भरतो. म्हणून फिरवायचं. आपल्या काळात लाट साडेबारा सेंटिमीटरवर आली, म्हणून फिरवण्याबरोबर सरकवावंही लागतं. आण्णांच्या हाताला जे येत होतं त्याचंच हे पुढचं काम आहे, आणि ते करताना मला बरं वाटलं.

झीरोला बाहेर आलेली काडी नाही. बोर्ड उजेडात धरला तर एका बाजूला तांब्याचा थर त्रिकोणी आकारात खरवडून काढलेला दिसतो, आणि त्याच्या तोंडाशी मोहरीपेक्षा लहान असे कपॅसिटर. हाच अँटेना. तांब्यातल्या त्या रिकाम्या पोकळीत लाट घुमते आणि तोंडाशी टिपली जाते. प्रोआन्ट या स्वीडिश कंपनीचं हे तंत्र त्याच्या आधीच्या झीरो डब्ल्यूवर २०१७ साली आलं. एवढं कळल्यावर बोर्डाला धातूची डबी का घालू नये हे वेगळं सांगावं लागत नाही. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार; तिथे या बोर्डांसाठी ॲल्युमिनियमच्या फार सुंदर डब्या मिळतात, उष्णताही छान ओढून घेतात. ज्याला तार जोडलेली आहे त्याला त्या घालाव्यात. वायफायवरच्या बोर्डाला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची डबी बरी, आणि तो त्रिकोण स्क्रू, पिना, स्पीकरचं चुंबक यांच्यापासून मोकळा ठेवावा.

आता भिंती. आमच्या इमारतीचं काम चालू असताना मी बऱ्याचदा साइटवर जायचे. विटांची भिंत जिथे सिमेंटच्या बीमला भेटते तिथे प्लास्टर तडकू नये म्हणून गवंडी तारेची बारीक जाळी ठोकतात आणि वरून गिलावा करतात. पुढे रंग लागला की ती दिसत नाही. लाटेला मात्र ती आहे तिथेच दिसते. जाळीची भोकं लाटेच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की लाट तिच्यातून पार होत नाही, पत्र्यावरून परतावी तशी परतते.

याचा सगळ्यात भव्य पुरावा आपल्याच जिल्ह्यात उभा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या तीन हातांवर पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला ती लोकांना बघायला खुली असते. जवळ गेलं की लक्षात येतं, ती तबकडी भरीव नाहीच. बारीक तारांची जाळी, एक ते दोन सेंटिमीटरच्या चौकोनांची, दोरांवर ताणून बसवलेली. वारा आरपार जातो, पलीकडचं आकाश दिसतं. पण जी लाट वीस सेंटिमीटरची किंवा त्याहून लांब आहे तिला ती जाळी म्हणजे आरसा. त्यामुळेच एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली. मी तिथे उभी होते आणि डोक्यात आमच्या हॉलची बीमखालची भिंत होती.

खोडदची माणसं विश्वातून येणारा अतिक्षीण आवाज ऐकतात. त्यांना सगळ्यात मोठा त्रास आपल्या विजेच्या तारांचा, मोबाइलचा, यंत्रांचा. आणि गंमत अशी की वायफायची मुळं याच शास्त्रात आहेत. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रात काम करणारे इंजिनियर. छोटी कृष्णविवरं फुटत असतील तर त्यांचा रेडिओ स्पंद पकडावा म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी खटपट केली. स्पंद मिळाला नाही. पण अवकाशातून येताना विस्कटलेला सिग्नल पुन्हा जुळवण्याचं गणित हाताशी राहिलं. पुढे सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संस्थेत त्यांच्या गटाला प्रश्न पडला तो खोलीचा: भिंतींवर आपटून मागेपुढे येणाऱ्या प्रतिध्वनींतून मूळ बोलणं कसं ओळखायचं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी त्यावर पेटंट घेतलं, आणि वेगवान वायफायचा तो एक पाया झाला. डेटा एकाच धारेत न ढकलता कितीतरी सावकाश धारांमध्ये वाटायचा, म्हणजे एका धारेवर प्रतिध्वनी आला तरी ती ओळखू येते. गॅलरीत दांडीखाली मी शोधत होते ती जागा आणि आकाशातला तो न सापडलेला स्पंद यांच्यामध्ये एवढंच अंतर आहे, हे कळल्यावर पुढचे कितीतरी दिवस मला त्याचाच विचार सुचत होता.

परत घरात येऊ. राउटर कुठे होता? दारामागे, चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर. तार आणणाऱ्या माणसाला दारातून जवळची जागा बरी पडते, आणि घरातल्या माणसाला खोका नजरेआड हवा असतो. बहुतेक घरांत तो असाच दाराशी किंवा टीव्हीच्या मागे असतो. मी चार मीटरची पट्टी मारून त्याला हॉलच्या मध्यावरच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीच्या थोडं वर घेतलं. आईला आधी ते आवडलं नाही, मग तिने शेजारी कॅलेंडर लावलं. सगळ्या खोल्यांतला आकडा एका दमात आठ-दहा डीबीएमने सुधारला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. राउटर बाहेर काढा, उंच ठेवा, मध्ये ठेवा.

कपाटावरच्या पाय ४ ची गोष्ट वेगळी निघाली. तो तर ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावरही बोलू शकतो, पण मी त्याला २.४ वर ठेवला होता, कारण खोली टोकाला आहे आणि लांबवर तोच पट्टा टिकतो असा सर्वसाधारण नियम. सिग्नल बरा, उणे ५८. तरी फाइल टाकायला गेलं की वेग सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपास घुटमळायचा. डिस्क काढून नुसतं आयपर्फ चालवलं की चौपट. डिस्क लावली की पुन्हा तळाला.

दोष डिस्कचा नव्हता. बोर्डाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून डेटा सेकंदाला पाच गिगाबिटच्या चालीने धावतो आणि त्या धावण्याचा रेडिओ गोंगाट केबलमधून, जोडातून बाहेर सांडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. गोंगाटाचा उगम अँटेनापासून पाच-सात सेंटिमीटरवर असल्यावर उणे ५८ चा सिग्नल तरी काय करणार? सिग्नल किती मोठा हा अर्धाच प्रश्न. त्याच्या भोवती किती शांतता आहे हा उरलेला अर्धा. डिस्कची केबल काळ्या यूएसबी २ पोर्टात घातली आणि वेग परत आला. यूएसबी २ मंद आहे हे खरं, पण त्यातून सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट सहज जातात, आणि हा वायफाय त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे गमावलं काहीच नाही. ज्यांना निळा पोर्टच हवा त्यांनी चांगल्या आवरणाची केबल घ्यावी, डिस्क हातभर लांब ठेवावी आणि बोर्ड ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. तिथे हा गोंगाट पोचत नाही. बोर्ड नवा असेल तर आधी देश भारत आहे हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. त्याशिवाय तो वायफाय सुरूच करत नाही.

५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर दमतो, पण तिथे मोकळी जागा पुष्कळ आहे. आपल्याकडे २०१८ साली सरकारने त्या पट्ट्याचा बराच मोठा भाग विनापरवाना खुला केला. २.४ चा पट्टा मात्र सगळा मिळून साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात तेरा चॅनेल, म्हणजे बोलायच्या जागा, दाखवतात खरे, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न घासता बसतील असे तीनच: १, ६ आणि ११.

आणि आता इमारत बघा. एका संध्याकाळी मी झीरोकडून आजूबाजूची नेटवर्कं मोजून घेतली. यादी पडद्यात मावेना. वरचे, खालचे, समोरच्या विंगचे, कुणाचे कॅमेरे, कुणाचा प्रिंटर, कुणाचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नाव. त्यातली बहुसंख्य चॅनेल ६ वर.

हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं, शांतता झाली की थोडं चाचपडून बोलतं. वाड्यातल्या सार्वजनिक नळावर असंच होतं. नळ एक, बिऱ्हाडं दहा, आणि वेळ लागायचा तो पाणी किती हवं यापेक्षा भांड्याचं तोंड किती लहान यावर. अरुंद तोंडाची कळशी घेऊन कुणी बसलं की मागच्या सगळ्या बादल्या खोळंबल्या. हवेतही जे यंत्र लांब आहे, ज्याचा सिग्नल रडतखडत पोचतो, ते त्याच डेटासाठी कितीतरी जास्त वेळ हवा अडवून बसतं. माझा गॅलरीतला उणे ७४ वरचा बोर्ड ही तशीच कळशी होती. तो दांडीखाली सरकल्यावर आईचं ऐकणं सुधारलं, आणि शेजारच्यांच्या वाटची हवाही तेवढी मोकळी झाली.

बीकनचाच हिशोब करा. जुन्या पद्धतीने चालणारा राउटर आपली हाक सेकंदाला एक मेगाबिट अशा पुरातन गतीने देतो, म्हणजे जुन्यात जुनं यंत्रही ती ऐकू शकेल. तीनशे बाइटची हाक त्या गतीने द्यायला अडीच मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा हाका म्हणजे पंचवीस मिलिसेकंद, अडीच टक्के वेळ, आणि अजून कुणी कामाचं अक्षरही बोललेलं नाही. एका चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारी वीस नेटवर्कं असली की निम्मी हवा नुसत्या हाकांत संपते. पाहुण्यांसाठी काढलेलं दुसरं नाव हेही वेगळं हाक मारतं, म्हणून लागत नसेल तर ते बंद करावं. राउटरमध्ये ही जुनी पद्धत (तिला 'बी' म्हणतात) बंद करता येत असेल तर करावी. आणि २.४ मध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. ४० केली की कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण त्या तीन जागांपैकी दोन आपण एकट्याने व्यापतो. इमारतीत राहून तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याहून ठाम मत तारेबद्दल आहे. गॅलरीत वाजणारी प्रत्येक ओवी आधी कपाटावरच्या बोर्डाकडून राउटरकडे हवेतून जायची आणि मग राउटरकडून झीरोकडे पुन्हा हवेतून. दोन्ही बोर्ड २.४ वर असताना एकाच सामानासाठी हवा दोनदा वापरली जात होती. पाय ४ ला इकडेतिकडे फिरायचं नाही, तो कपाटावरून हलणार नाही. मग त्याने हवा का घ्यावी? इलेक्ट्रिशियन दादांनी छताच्या कडेने पांढरी केसिंग पट्टी मारून नेटवर्कची कॅट ६ केबल नेली. एका दुपारचं काम, भिंत फोडावी लागली नाही. "ताई, सगळे वायरी काढायला सांगतात, तुम्ही घालायला सांगताय," ते म्हणाले. केबल लावून आयपर्फ चालवलं आणि ९४० मेगाबिट आले. तासाची फाइल आता डोळ्यांसमोर जाते. तारेतून वायफायचा वेग वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण जे जे एका जागी आहे, टीव्ही, टेबलावरचा संगणक, डिस्कवाला बोर्ड, ते तारेवर घेतलं की उरलेली सगळी हवा फोनला, लॅपटॉपला आणि ज्याला तारेचं भोकच नाही अशा झीरोला राहते.

गॅलरीत आता आत्या अखंड गाते. परवा आईने मला हाक मारून थांबवलं आणि म्हणाली, "ऐक, हा मागे खोकतोय तो तुझा आजोबा." मी ती कॅसेट उतरवताना तो खोकला किती वेळा ऐकला असेल, पण कुणाचा ते मला माहीत नव्हतं. मग ती जुन्या बिऱ्हाडांबद्दल बराच वेळ बोलत राहिली, आणि फाइलच्या नावापुढे मी ते लिहून घेतलं.

चॅनेलचा विषय मी सोसायटीत काढला. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त टेलिफोन इंजिनियर, त्यांना तो लगेच पटला. एका मजल्याला एक चॅनेल, स्लॅबमधून जाताना सिग्नल बराच कमी होतो, तेव्हा तीन मजल्यांनी तोच आकडा पुन्हा वापरायचा. पहिल्याला १, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ११, चौथ्याला परत १. काकांनी चौकटी आखून कागद केला, सेक्रेटरींनी तो नोटीस बोर्डावर लावला. ज्यांना राउटरच्या सेटिंगमध्ये जायला जमत नाही त्यांच्याकडे काका आणि मी संध्याकाळी जातो, आणि जिथे शक्य आहे तिथे टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाकून येतो. ए विंग जवळपास झाली आहे. बी विंगच्या गॅलऱ्या आमच्या अगदी समोर येतात, म्हणून तिथे पहिल्या मजल्याला ६ पासून सुरुवात करायची असं ठरलंय. पार्किंगमधले कॅमेरे वायफायवर आहेत आणि दिवसरात्र चित्र ढकलत असतात. त्यांना तारेवर घ्यायला किती खर्च येईल ते इलेक्ट्रिशियन दादांना विचारलंय. आकडा आला की पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू.